दोन रविवारांत बागेचे स्वयंसेवक तयार होतात का?

पुण्याजवळच्या एका मोठ्या सोसायटीतल्या ताईंचा प्रश्न आहे. आवारात पाऊण एकर बाग, पगारी माळी दोन, आणि बावीस रहिवाशांनी स्वयंसेवक म्हणून नावं दिली आहेत. ५ जूनला पर्यावरण दिनी वृक्षारोपणाने सुरुवात करायची, त्याआधी दोन रविवार तज्ज्ञांना बोलावून कार्यशाळा घ्यायची आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं द्यायची, असा बेत ठरतो आहे. अभ्यासक्रमात काय काय घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, अठरा वर्षं मी अशा गटांना शिकवते आहे. सोसायट्या, शाळांच्या बागा, महापालिकेच्या उद्यानांना मदत करणारे ज्येष्ठ नागरिक, सगळे प्रकार झाले. त्या अनुभवावरून सांगते की विषयांची यादी नंतर करू, आधी बेत बदला. दोन रविवारांत माहिती पोहोचते, हात तयार होत नाहीत. पहिली काही वर्षं मीही दोन दिवसांची शिबिरं घेतली. लोक वह्या भरून टिपणं घ्यायचे, आनंदाने घरी जायचे, आणि श्रावणात बागेत गवत कमरेइतकं वाढलेलं असायचं. त्यांना आस्था नव्हती असं नाही. मे महिन्यात ऐकलेली गोष्ट जुलैच्या चिखलात कशी वापरायची, हे त्यांना कुणी त्या चिखलात उभं राहून दाखवलं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा: प्रशिक्षण वर्षभराचं ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी दोन तास, आणि तेही तुमच्याच बागेत. प्रत्येक जोडीला एक ठरावीक तुकडा द्या, दहा बाय दहा फुटांचा असला तरी चालेल. शिकलेलं त्याच तुकड्यावर करायचं, आणि चुकलेलंही त्याच तुकड्यावर दिसायचं. पहिले दीड-दोन महिने कुणी एकही रोप लावायचं नाही. या शेवटच्या अटीवर लोक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

आता मार्च संपत आलाय, वेळ अगदी योग्य आहे. पहिल्या दोन बैठका नुसत्या पाहण्यात घालवा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चारला बागेत फिरून कुठे किती ऊन येतं ते कागदावर उतरवा. उन्हाळ्यातला सूर्य डोक्यावर असतो, डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकतो आणि इमारतींच्या सावल्या लांबतात. एप्रिलमध्ये उन्हाने फुललेला कोपरा थंडीत दिवसभर अंधारात असू शकतो, आणि टोमॅटो तर तुम्ही थंडीतच लावणार. हे एकदा कागदावर आलं की वर्षभराचे निम्मे वाद मिटतात.

याच फेरीत विचारा की बागेखाली काय आहे. नव्या सोसायट्यांत बाग अनेकदा पार्किंगच्या स्लॅबवर असते. तिथे दीड-दोन फूट माती, खाली वॉटरप्रूफिंग. ओल्या मातीचा एक फुटाचा थर दर चौरस मीटरला साधारण अर्धा टन भार देतो. 'अजून थोडी माती टाकूया' हे वाक्य तिथे इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुणी बोलू नये. तिथे वड, पिंपळ, उंबर लावायचे नाहीत, कारण त्यांची मुळं भेगा शोधत जातात. मी एका ठिकाणी गेले तेव्हा स्लॅबवर लावलेला पिंपळ सात वर्षांचा झाला होता आणि खालच्या गाड्यांवर पाणी गळत होतं. लावणाऱ्यांनी प्रेमानेच लावला होता. तो काढताना त्यांना झालेला त्रास मी विसरलेले नाही.

मग माती. इथे घाई करू नका, चार बैठका गेल्या तरी जाऊ द्या. बांधकाम संपल्यावर बिल्डर ज्याला बाग म्हणून देतो त्यात वर चार बोटं लाल माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा असतो. प्रत्येक जोडीला आपल्या तुकड्यात एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायला लावा. काय काय निघालं ते बाजूला मांडून ठेवा. व्याख्यानाने जे समजत नाही ते त्या ढिगाकडे बघून समजतं. मग खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर त्या जागी पावसाळ्यात मुळं कुजणार. तिथे गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून उंच केलेले वाफे करा, नाहीतर पाण्याला वाट काढून द्या.

काचेच्या बरणीचा प्रयोग मुलांनाही आवडतो. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा, म्हणजे गाळासारखी बारीक माती, काही तासांत, चिकणमाती बसायला दिवस-दोन दिवस घेते. आपली माती काळी चिकण आहे की मुरमाड, हे थरांच्या जाडीवरून डोळ्यांनी दिसतं. शिवाय नमुना मृद चाचणीला पाठवा. कृषी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात ही सोय असते. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून वीतभर खोलीपर्यंत खरवडायची, एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. हे काम स्वयंसेवकांनी स्वतः करावं. अहवालात सामू (पीएच) आठच्या वर आलेला दिसला की राडारोड्यातल्या चुन्याचा अर्थ त्यांना कळतो. पुढे जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की 'नत्र कमी पडलं' म्हणून युरिया टाकायला कुणी धावत नाही. लोह मातीत असतं, पण अशा मातीत ते मुळांना मिळत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलेलं असतं.

मातीच्या या सगळ्या अभ्यासात एक शब्द प्रत्येकाच्या हातात मुरायला हवा: वाफसा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला तो आपोआप कळतो, शहरात वाढलेल्यांना शिकवावा लागतो. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबायची. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटला, तर वाफसा आहे. हाताला चिकटून राहिली तर ओल जास्त, लाडूच झाला नाही तर पाणी द्या. मी प्रत्येक बैठकीची सुरुवात या मुठीने करते, अगदी डिसेंबरातसुद्धा. शहरी बागांत झाडं पाण्याविना मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. पान मलूल दिसलं की माणूस झारी उचलतो, आणि बुडाशी आधीच कुजत असलेल्या मुळांना आणखी बुडवतो. मूठ दाबून बघायची सवय लागलेला माणूस आधी वाकतो, मग ठरवतो.

खताचं काम एप्रिलमध्येच सुरू करा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत स्वतःचं काहीतरी हाती येईल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली, तेव्हापासून यंत्रं विकणारे दारोदार फिरत असतात. शिकण्यासाठी यंत्र लागत नाही. जाळीचा पिंजरा, एक बादली ओला कचरा, दीड-दोन बादल्या चुरलेला पालापाचोळा, मूठभर जुनं खत. हे मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब यावेत, धार लागू नये. चांगल्या मोठ्या ढिगात तीन-चार दिवसांत हात घालवत नाही इतकी ऊब तयार होते. वास आला तर पाणी जास्त झालंय किंवा हवा कमी पडलीय. पालापाचोळा मिसळा आणि उलथापालथ करा. फाल्गुन-चैत्रात गळणारी पानं गोणीत भरून ठेवायची सवय लावा. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, आणि तो नसला की ढीग सडतो, शेजारी तक्रार करतात आणि सगळा उपक्रम बंद पडतो. पालापाचोळा जाळणाऱ्या हाताला थांबवणं हे तुमच्या गटाचं पहिलं सार्वजनिक काम असू द्या.

वृक्षारोपणाचं बोलते. ५ जूनला पुण्यात बहुतेक वर्षी मोसमी पाऊस पोहोचलेलाच नसतो. माती तापलेली असते, फोटो निघतात, रोपं माना टाकतात. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, शेणखत आणि माती मिसळून भरून ठेवा, आणि मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की लावा. कार्यक्रम ५ जूनलाच हवा असेल तर त्या दिवशी खड्डे भरण्याचा कार्यक्रम करा. रोप लावताना पिशवी पूर्ण काढायची, गुंडाळलेली मुळं मोकळी करायची, खोड नर्सरीत जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवायचं. पुढचे विषय ऋतू सांगतोच: आषाढात निचरा आणि तण, श्रावणात गोगलगायी आणि बुरशी, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी आणि हिवाळी भाज्यांची रोपं, डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याची छाटणी, मग पुन्हा पानगळ आणि आच्छादन. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करणं मात्र बारा महिने. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोहोचतो.

ज्या विषयाला बहुतेक शिबिरांत अर्धा तास मिळतो आणि मी आठ बैठका देते, तो म्हणजे निदान. लोक पान तोडून आणतात आणि विचारतात, 'यावर काय मारू?' माझ्या गटात हा प्रश्न विचारायची परवानगी नाही. आधी पाच उत्तरं द्यायची. झाड कोणतं? खराबी जुन्या पानांवर की कोवळ्या? एकाच फांदीला की सगळीकडे? माती मुठीत कशी लागली? गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं, म्हणजे पाणी, खत, जागा, फवारणी? जुनी खालची पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघायचं, कोवळी पडत असतील तर लोहाकडे. टोमॅटोचं बूड काळं पडून खचलं तर तो बहुधा रोग नसतो. पाणी कधी कोरडं कधी भरपूर असं मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. ही पाच उत्तरं देता देता निम्म्या वेळा विचारणाऱ्यालाच कारण सापडतं.

एका गटातली गोष्ट सांगते, कारण ती मी आता प्रत्येक गटाला सांगते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (मिलीबग) पडला होता. दोन कष्टाळू स्वयंसेविका रोज सकाळी जुन्या टूथब्रशने फांद्या साफ करत होत्या. आठवड्याने मी गेले तर त्यांनी डबीत सगळ्यात मोठे, सगळ्यात केसाळ दिसणारे पांढरे किडे वेगळे काढून मला दाखवायला ठेवले होते. ते पिठ्या ढेकूण नव्हतेच. ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याच्या त्या अळ्या होत्या. त्या पिठ्या ढेकणांवरच जगतात आणि अंगावर तसंच पांढरं मेण बाळगतात. फरक चालीत असतो: पिठ्या ढेकूण जवळजवळ जागीच असतो, ही अळी भराभर चालते. आम्ही आमचे मदतनीस मारत होतो. दोष त्या दोघींचा नव्हता. मी किडी शिकवल्या होत्या, मित्रकीटक शिकवले नव्हते. तेव्हापासून दहा रुपयांचं भिंग प्रत्येकाच्या खिशात असतं, आणि नियम असा की जे ओळखता येत नाही ते तीन दिवस मारायचं नाही, नुसतं बघायचं. केसासारख्या देठांवर टांगलेली बारीक अंडी ही बुरशी नसून क्रायसोपा या मित्रकीटकाची पिल्लावळ असते, हे असं बघूनच कळतं.

याला मोठा दाखलाही आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तामिळनाडूत प्रथम आढळला आणि दोन-तीन वर्षांत आपल्याकडच्या बागांपर्यंत आला. फवारण्यांनी तो आवरेना. मग २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारे अतिसूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडले आणि तो उतरणीला लागला. जिथे लोक विषाचे फवारे मारत राहिले तिथे या पाहुण्यांना जगणं अवघड होतं, हे सांगायला नकोच.

आमच्या गटात रासायनिक कीडनाशक कुणी स्वयंसेवक फवारत नाही. तरी डब्यावरचा त्रिकोण सगळ्यांना वाचता यायला हवा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. म्हणजे सोसायटीने नेमलेला माणूस काय मारतोय ते विचारता येतं. पिठ्या ढेकणावर आधी पाण्याची जोरदार धार, खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त, आणि मग लागलाच तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेली. फवारणी संध्याकाळी करा. उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात.

झाडांबाबत कायदाही शिकवा. शहरात झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवण्याआधीही उद्यान विभागाकडे अर्ज करा. स्वयंसेवकांनी शिडीवर चढून कोयता चालवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

तुमच्या प्रश्नात माळ्यांचा उल्लेख एका ओळीत आला. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बावीस उत्साही माणसं शिकून आली की बावीस साहेब तयार होतात. एक म्हणतो पाणी द्या, दुसरी म्हणते बंद करा, आणि माळीदादा मधे. मी शिकवलेल्या एका गटामुळे वीस वर्षं त्या आवारात काम केलेला माळी नोकरी सोडून गेला. कुठल्या झाडाचं मूळ कुठे गेलंय आणि कुठल्या नळाला दाब नाही, हे त्या बागेत फक्त त्याला माहीत होतं. ते ज्ञान त्याच्याबरोबर गेलं, आणि ती चूक मी अजून माझी मानते. तेव्हापासून माझी अट असते: दोन्ही माळी प्रत्येक बैठकीला हवेत, त्या दोन तासांचे जादा पैसे त्यांना मिळायला हवेत, आणि खुरपं धरणं, आळं करणं, कलम बांधणं हे धडे त्यांनी द्यायचे. स्वयंसेवकांकडून त्यांना सूचना देणारी व्यक्ती एकच असावी. कचरा गोळा करणाऱ्या ताईंनाही खताच्या बैठकीला बोलवा. ओल्या कचऱ्यात काय येतं ते त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं.

प्रमाणपत्राबद्दल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७३ मध्ये 'मास्टर गार्डनर' नावाचा उपक्रम सुरू झाला. सिएटल-टॅकोमा भागात घरगुती बागांबद्दलचे प्रश्न इतके येत की कृषी विस्तार अधिकाऱ्यांना पुरे पडेना. मग राज्य विद्यापीठाच्या विस्तार विभागाने नागरिकांनाच शिकवलं, आणि मोबदल्यात ठरावीक तास लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसवलं. आज तिथल्या बहुतेक राज्यांत हे चालतं, आणि तिकडे राहणारी आपली मंडळीही त्यात शिकतात. त्यातली एक गोष्ट मी उचलली आहे: शिक्षण उधार मिळतं, फेड तासांनी करायची. आमच्याकडे वर्षाला चाळीस तास, एका साध्या वहीत तारीख, काम आणि सही. चाळीस तास भरले आणि निदानाची पाच कोडी बागेत उभं राहून सोडवली, तरच वर्षाअखेर प्रमाणपत्र. सुरुवातीला पाचशे रुपये अनामत घेते आणि तास भरल्यावर परत देते. बावीसपैकी दहा-बारा जण टिकतील, असा माझा अंदाज आहे. तेवढे पाऊण एकराला पुरतात. गुडघे दुखणाऱ्यांना रोपवाटिका आणि नोंदवही द्या, त्यांना गळू देऊ नका. माझ्या सगळ्यात चोख नोंदी एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी ठेवल्या आहेत.

तज्ज्ञ कुणाला बोलवावं? कृषी महाविद्यालयातून मृदाशास्त्राचं आणि कीटकशास्त्राचं माणूस एकेकदा बोलवा, पण त्यांना सभागृहात बसवू नका, बागेत फिरवा. एम्प्रेस गार्डनला एक सकाळ सगळ्यांना घेऊन जा; पूर्ण वाढलेलं झाड किती जागा मागतं, हे तिथल्या जुन्या वृक्षांखाली उभं राहून कळतं. बाकीचं शिक्षण एकमेकांकडून होऊ द्या. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून हेच केलं होतं. द्राक्ष बागायतदार आपापल्या मळ्यात प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि एकमेकांना सांगत. तुमच्या बावीस जणांच्या अकरा जोड्या म्हणजे अकरा प्रयोग. एकीने आच्छादन घालावं, शेजारच्या जोडीने घालू नये, आणि मे महिन्यात दोघींनी मूठ दाबून बघावी.

येत्या रविवारी व्याख्यान ठेवलं असेल तर तूर्त पुढे ढकला. बावीस जणांना सकाळी साडेसातला बागेत बोलवा, दोन्ही माळीदादांना पुढे करा आणि त्यांच्याबरोबर नुसती एक फेरी मारा. पाणी कुठे साचतं, कुठलं झाड किती वर्षांचं, कुठे काहीच जगत नाही, हे त्यांनी सांगायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं. पाहण्याच्या बैठका झाल्या की पहिला खड्डा खणा, आणि त्यातून काय निघालं ते मला कळवा. त्यावरून पुढच्या चार बैठका कशा घ्यायच्या ते मी लिहून पाठवते.